स्वस्तातला फिल्म स्कॅनर कोणता घ्यावा? ३५ एमएम आणि बाबांच्या जुन्या निगेटिव्ह

छोटी_लाईन

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा, प्रतापनगरला राहतो. दीड वर्षापासून फिल्मवर फोटो काढून राहिलो, कॅमेरा जुना पेंटॅक्स के१०००, महिन्याला एक रोल होतो, पोळा-दिवाळीच्या महिन्यात दोन. ब्लॅक अँड व्हाइट घरीच बाथरूममध्ये डेव्हलप करतो, कलर लॅबला देतो. आता मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी एवढं तापतं की डेव्हलपर २० डिग्रीवर आणायला बर्फाचे दोन ट्रे लागतात, पण ते जमून राहिलं. जमत नाही ते स्कॅनचं.

लॅबवाले जेपेग देतात, १५०० पिक्सेलच्या आसपास, आभाळ पूर्ण पांढरं आणि सावलीत काहीच नाही. निगेटिव्ह खिडकीसमोर धरली की त्याच आभाळात ढग दिसतात मला, म्हणजे फिल्मवर आहे ते स्कॅनमध्ये येत नाही. आणि मागच्या महिन्यात रोल परत आला तर एक फ्रेम मधोमध कापलेली. फुटाळा तलावावर सकाळी सकाळी काढलेला फोटो होता तो, फार वाईट वाटलं. लॅबचं नाव लिहीत नाही, पण आता दुसऱ्याच्या हातात फिल्म कापायला द्यायची नाही हे ठरवलं.

दुसरी गोष्ट, खरं तर हीच मोठी. बाबा रेल्वेत होते. त्यांनी छोट्या लाईनचे (नॅरोगेजचे) फोटो पुष्कळ काढलेत, इतवारी-नागभीडची गाडी, जी २०१९ ला बंद झाली, तिचे जुने इंजिनाचे दिवस, मारबतीच्या मिरवणुकीचे, मोहल्ल्यातल्या लग्नांचे. प्रिंटा घर बदलताना गेल्या, निगेटिव्ह मात्र बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात माळ्यावर आहेत. डबा मी नीट उघडून बघितला नाही अजून, वरवर पाहिलं तर पट्ट्या आहेत आणि काही गुंडाळ्या.

बजेट २० हजार, ताणून २२. बहिणीकडे निकॉन डी५६०० आहे, मागितला तर शनिवार-रविवार मिळतो. एप्सन व्ही६०० घेऊ, प्लस्टेक घेऊ, की ते छोटे स्क्रीनवाले डबे मिळतात ते घेऊ? व्हिडिओ पाहून पाहून डोकं फिरून गेलं, प्रत्येक जण वेगळंच सांगतो. ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा.

रीळ_रसायन

भाऊ, खोक्यावर डीपीआयचा (एका इंचात किती ठिपके) मोठ्ठा आकडा लिहिलेला असतो त्याच्या मागे लागू नका. साधा हिशोब करून बघा. ३५ एमएमची फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे लांबी जवळपास १.४२ इंच. खरोखरचे २४०० डीपीआय मिळाले तर लांबीत ३४०० पिक्सेल येतात, ३०० ने प्रिंट काढली तर सव्वाअकरा इंच. ३६०० मिळाले तर ५१०० पिक्सेल, म्हणजे सतरा इंच. आपल्यासारख्याला याच्या वर काय लागतं?

आता गंमत अशी की व्ही६०० च्या खोक्यावर ६४०० लिहिलंय, पण फिल्मवरचा बारकावा प्रत्यक्षात १५००-१६०० च्या आसपासच निघतो, त्याच्यापुढे फाइल नुसती फुगते. ३५ एमएमला त्याचे साडेतीन मेगापिक्सेल झाले. प्लस्टेकच्या ८१०० वर ७२०० लिहिलेलं असतं, खरे साडेतीन हजाराच्या आसपास निघतात, तरी ते व्ही६०० सारख्या फ्लॅटबेडच्या (सपाट काचेच्या स्कॅनरच्या) दुपटीहून जास्त आहेत आणि फरक डोळ्याला सरळ दिसतो, ग्रेन (फिल्मचे बारीक दाणे) कडक येतो, झाडाची पानं सुटी सुटी दिसतात. ७२०० ला स्कॅन केलं तर ६९ मेगापिक्सेलची फाइल होते, ४८ बिटला ४०० एमबीच्या वर, जुना लॅपटॉप असेल तर बसा मग. मी आवडीच्या फ्रेमा ७२०० ला करून निम्म्यावर आणतो, बाकी सगळं ३६०० ला.

माझ्याकडे ८१०० च आहे, चार वर्षं झाली, तक्रार नाही. पण दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. एक म्हणजे सगळं हाताने, सहा फ्रेमची पट्टी होल्डरमध्ये लावायची आणि एकेक फ्रेम पुढे सरकवायची, छत्तीसचा रोल मला दोन तास घेतो. दुसरं, लोक सांगतील की प्लस्टेकचाच ८२००आय घ्या, त्याच्यात इन्फ्रारेडने धूळ काढायची सोय आहे. सोय खरी आहे पण ती कलर फिल्मवर चालते. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चित्रच चांदीचं असतं आणि चांदी इन्फ्रारेड अडवते, मशीनला वाटतं सगळा फोटोच कचरा आहे. तुम्ही घरी ब्लॅक अँड व्हाइट करता, तर त्या जास्तीच्या पैशाचा तुम्हाला उपयोग कमी.

नवा ८१०० तुमच्या २० हजाराच्या पुढे जातो, कोणाकडे वापरलेला मिळाला तर बघा, समोर बसून एक पट्टी स्कॅन करूनच घ्या. आणि निकॉनचे जुने कूलस्कॅन दिसतील विकायला, फार चांगली मशीनं होती, पण बनवणं बंद होऊन दशकाच्या वर झालं, पार्ट मिळत नाहीत, जुन्या मॉडेलांना तर केबल जोडायला कॉम्प्युटर शोधावा लागतो. या बजेटमध्ये त्या वाटेला जाऊ नका.

मोहल्ला_आल्बम

मी स्क्रीनवाला डबा घेतला होता आजीकडच्या निगेटिव्हसाठी. पाच सेकंदात एक फोटो, कॉम्प्युटर लागत नाही, दोन दिवसात तीनशे फोटो केले आणि घरच्या ग्रुपवर टाकले, सगळे खूश. एवढंच काम असेल तर वाईट नाही हो. पण आत मोबाइलसारखा छोटा सेन्सर असतो, फोकस ठरलेला, फक्त जेपेग निघते, आणि लग्नातल्या पांढऱ्या साड्या सगळ्या एकसारख्या सपाट आल्या, काठ दिसत नाही. छोटी लाईन भाऊंना ढग पाहिजेत, त्यांनी घेऊ नये असं माझं मत.

अंधारखोली

स्कॅनर कोणता ते नंतर बोलू. आधी तो डबा माळ्यावरून खाली काढा. आजच काढा. मे महिन्यात नागपुरात स्लॅबखालचा माळा म्हणजे भट्टी असते आणि त्याच्यानंतर लगेच जूनची दमट हवा, फिल्मला याहून वाईट जागा नाही.

डबा उघडून तीन गोष्टी बघून इथे लिहा. उघडल्याबरोबर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो का? निगेटिव्ह किती मोठ्या आहेत, दोन्ही कडांना भोकं आहेत की बिनभोकाच्या? आणि वर जाळीसारखे, कोळ्याच्या पायासारखे डाग आहेत का? वासाचं नक्की सांगा. हात धुऊन, कोरडे करून, निगेटिव्ह कडांनी धरायच्या. कुठलीही गुंडाळी जोर लावून सरळ करायची नाही, जुनी फिल्म कडक झालेली असते, ताडकन तुटते.

छोटी_लाईन

ताई, कालच रात्री काढला डबा. झाकण गंजलेलं होतं, चमच्याने उचकटावं लागलं. आणि वास हो, आहे, चांगलाच. मला आधी वाटलं आईचं लोणचं वगैरे कधी ठेवलं असेल डब्यात, पण नाही, फिल्मचाच आहे. सगळ्यांना नाही, खालच्या थराला.

वरच्या थरात ३५ एमएमच्या पट्ट्या आहेत, भोकांच्या, साधारण ऐंशी पट्ट्या असतील, बटर पेपरच्या पाकिटात, काही पाकिटं फिल्मला चिकटली. त्याच्याखाली मोठ्या चौकोनी निगेटिव्ह, भोकं नाहीत, मोजपट्टी लावली तर चित्र साडेपाच सेंटीमीटरचं, लांबी-रुंदी सारखीच. त्या तीन-तीनच्या पट्टीत आहेत आणि आठ-नऊ गुंडाळ्या. सोबत इंदूची दोन रिकामी खोकी निघाली. वास या मोठ्यांनाच आहे. काहींच्या कडा लाटेसारख्या वर-खाली झाल्यात. एक उजेडात धरली तर इंजिनाच्या चाकाजवळ एक माणूस उभा आहे, हातात तेलाची बुधली, चेहरा एवढा स्पष्ट की ओळखीचा असता तर ओळखू आला असता. मग मी पुढचं काही पाहिलंच नाही, परत ठेवून दिलं, म्हटलं आधी विचारावं.

अंधारखोली

बरं केलंत विचारलंत.

त्या मोठ्या निगेटिव्ह १२० नावाच्या रुंद फिल्मच्या आहेत, सहा बाय सहा सेंटीमीटर म्हणतात त्यांना. आपल्याकडे त्या काळी घराघरात आग्फाचा क्लिक ३ होता, बडोद्याला बनायचा, त्याच्यात १२० चा रोल आणि बारा चौकोनी फोटो. इंदू म्हणजे उटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स, सरकारी कंपनी होती. तुमच्या बाबांचा कॅमेरा कुठला होता घरी विचारून बघा.

आता वासाचं. फिल्मचा पाया असिटेटचा असतो, तो उष्णतेने आणि ओलाव्याने हळूहळू फुटतो आणि त्याच्यातून असिटिक ॲसिड निघतं, व्हिनेगरमध्ये असतं तेच. ते ॲसिडच पुढची फूट आणखी वेगाने करतं, म्हणजे एकदा सुरू झालं की चाल वाढतच जाते, पाया आकसतो, वरचा जिलेटिनचा थर आकसत नाही, मग तो सुरकुत्या पडून वर येतो. तुम्ही सांगताय त्या लाटा म्हणजे याचीच सुरुवात. परत पहिल्यासारखं करता येत नाही. वाफ शेजारच्या चांगल्या निगेटिव्हलाही लागते, म्हणून वासाच्या आणि बिनवासाच्या आजच वेगळ्या करा. वासाच्या पत्र्याच्या बंद डब्यात परत ठेवू नका, वाफ आत कोंडते. साध्या कागदाच्या पाकिटात एकेक पट्टी, खोलीतल्या कपाटात, हवा लागेल अशा. सिलिका जेल टाकून हवाबंद करायचं ते बिनवासाच्या ३५ एमएमचं.

म्हणजे तुमचा प्रश्न बदलला. तुमचे नवीन रोल कुठे पळून जात नाहीत, ते पुढच्या वर्षीही स्कॅन होतील, बाबांच्या चौकोनी निगेटिव्ह आधी. आणि प्लस्टेक त्या घेतच नाही, त्याच्यात फक्त ३५ एमएम जाते. रीळ-रसायन दादांनी सांगितलं ते ३५ ला शंभर टक्के बरोबर आहे, पण त्या मशीनने तुमचं निम्मं काम होणारच नाही.

माझ्याकडे व्ही६०० आहे, मी सदरला असते. ३५ एमएमला त्याला नावं ठेवा खुशाल, पण १२० ला तोच १६०० डीपीआय साडेतीन हजार बाय साडेतीन हजार पिक्सेल देतो, बारा मेगापिक्सेल, जवळपास बारा इंचाची चौकोनी प्रिंट. क्लिक ३ च्या साध्या लेन्समध्ये त्याहून जास्त बारकावा नाहीच, मी माझ्या सासऱ्यांचे स्कॅन केलेत. तर व्ही६०० वापरलेला मिळाला तर तुमच्यासाठी वाईट सौदा नाही. ऑफिसातला प्रिंटरवाला साधा स्कॅनर मात्र चालत नाही, फिल्मला उजेड आरपार जावा लागतो, त्यासाठी झाकणात दिवा पाहिजे.

चिकटलेली बटर पेपरची पाकिटं ओढू नका. आणि डागांचं तुम्ही लिहिलं नाही, बुरशी असेल तर पाण्याने धुवायचं मनातसुद्धा आणू नका, बुरशी जिलेटिन खाऊन ठेवते, मग ते पाण्यात विरघळतं आणि चित्र नळाखाली वाहून जातं. माझं एकाचं गेलंय असं, लग्नातला ग्रुप फोटो, परत कुठे मिळणार नव्हता. आधी जशी आहे तशी स्कॅन करा, साफसफाई नंतर, आणि केलीच तर ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपाइलने, कोपऱ्यावर करून बघून.

कॉलम_वर_खाली

उशिरा आलो धाग्यावर. अंधारखोली ताईंचं सगळं पटलं, फक्त स्कॅनर घ्यायच्या आधी छोटी लाईन भाऊंनी बहिणीचा डी५६०० एकदा वापरून बघावा असं मी म्हणतो, कारण त्याने ३५ आणि १२० दोन्ही होतात आणि कुरकुरीत, लाटा आलेली फिल्म होल्डरमध्ये दाबावी लागत नाही. मी तीन वर्षांपासून असंच करून राहिलो. ३५ एमएमची फ्रेम सेन्सरवर पूर्ण भरली तर ६००० पिक्सेल भागिले १.४२ इंच, ४२०० डीपीआय झाले, आणि ते खरे, बशर्ते फोकस आणि समांतरपणा जमला पाहिजे. चौकोनी १२० ला उंचीचे ४००० पिक्सेल लागतात, १६ मेगापिक्सेल. एका फ्रेमला काही सेकंद.

लेन्स मॅक्रोच (अगदी जवळून फोटो काढायची) पाहिजे. मी निकॉनची जुनी मॅन्युअल ५५ एमएम मायक्रो घेतली, एफ ३.५ ची, सहा-सात हजारात वापरलेली मिळाली मला. ती एकटी निम्म्या आकारापर्यंत जाते, १२० ला तेवढं पुरून उरतं, ३५ ला फ्रेम भरायला मागे एक्स्टेंशन ट्यूब (पोकळ नळी) लावा. डी५६०० तिच्यासोबत मीटर दाखवणार नाही, काही बिघडत नाही, एम मोडवर ठेवून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा. किट लेन्सवर क्लोजअप फिल्टर लावून करू नका, कडा वितळल्यासारख्या येतात.

स्टँडसाठी मी जुन्या एन्लार्जरचा (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या मशीनचा) कॉलम वापरतो. महालातला एक स्टुडिओ बंद झाला, त्यांनी भंगारात काढला होता, मी डोकं उतरवलं आणि तिथे कॅमेऱ्याची प्लेट बसवून घेतली वेल्डिंगवाल्याकडून. एन्लार्जर म्हणजे कॉपी स्टँडच (कॅमेरा खाली तोंड करून धरायचा स्टँड) आहे, बोर्ड जाड, कॉलम पक्का, चाक फिरवलं की केसभर वर-खाली होतो. बंद पडलेल्या स्टुडिओत विचारून बघा, त्यांना ते अडगळच झालेलं असतं. नाही मिळाला तर ट्रायपॉडचा मधला दांडा उलटा करून लावा.

खाली उजेड. ब्लॅक अँड व्हाइटला कुठलाही पांढरा एलईडी चालतो, कलरला सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वरचा पाहिजे, नाहीतर कातडीचा रंग कधीच जुळत नाही. मोबाइल-टॅबची स्क्रीन वापरणार असाल तर फिल्म सरळ तिच्यावर ठेवू नका, स्क्रीनचे ठिपके फोटोत उतरतात. मधे दुधी अॅक्रिलिक टाका आणि फिल्म तीन-चार सेंटीमीटर वर उचला. अॅक्रिलिकचा तुकडा सीताबर्डीत साइनबोर्डवाल्यांकडे मिळतो, कापून उरलेला. फिल्मच्या वर काच ठेवलीत तर इंद्रधनुष्यासारख्या रिंगा येतील, न्यूटन रिंग म्हणतात त्याला, त्यापेक्षा काळ्या माउंट बोर्डला ५६ मिलिमीटरची चौकोनी खिडकी कापा, असे दोन तुकडे, मधे फिल्म. बाकी खोली पूर्ण काळोखी, खिडकीचा उजेड फिल्मवर पडला की चमक येते.

समांतर करायची युक्ती मला एका जुन्या डार्करूमवाल्यांनी शिकवली. फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि कॅमेऱ्यातून बघा. लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं की कॅमेरा सरळ. इकडे-तिकडे दिसलं की एक कोपरा हमखास फोकसच्या बाहेर. पाण्याची लेव्हल लावण्यापेक्षा हे लवकर होतं.

एफ ८, आयएसओ १००, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची) फाइल, दोन सेकंदांचा टायमर. आणि कूलर बंद! हे मी मुद्दाम लिहितो कारण मला पंधरा दिवस लागले शोधायला. सगळे फोटो किंचित हललेले यायचे, लेन्स बदलली, ट्यूब बदलली, टेबलाखाली रबर लावलं. शेवटी एके दिवशी लाईट गेली, लॅपटॉप आणि उजेड बॅटरीवर, तेव्हाचे सगळे फोटो कडक. टेबल खिडकीच्या भिंतीला लागून होतं आणि खिडकीत कूलर. एक पंधरांश सेकंदाच्या फोटोत ती थरथर पुरेशी होते. आता मे महिन्यात मी पहाटे पाच ते सात काम करतो, खोली तेव्हा बरी असते आणि कूलर बंद असला की हवेत ओलावाही कमी, फिल्म लुळी पडत नाही.

निगेटिव्ह उलटी करून पॉझिटिव्ह करायला डार्कटेबल सॉफ्टवेअर आहे, फुकट, त्याच्यातलं निगाडॉक्टर. कलरच्या नारिंगी बुडाचाही हिशोब तेच करतं, नुसतं इन्व्हर्ट मारलं तर सगळं निळं होतं. लाइटरूम असेल तर निगेटिव्ह लॅब प्रो, विकत आहे पण वेळ वाचतो.

रीळ_रसायन

१२० चं माहीत नव्हतं तेव्हा मी लिहिलं होतं, आता माझंही मत कॅमेऱ्याकडेच. एकच सांगतो, होम डेव्हलपचे ३५ एमएम लगेच कापून चांगल्या पॉलिप्रॉपिलीनच्या स्लीव्हमध्ये टाका, पीव्हीसीच्या नको. धूळ स्कॅनच्या वेळी नव्हे, सुकवताना बसते. आपल्याकडे उन्हाळ्यात नुसतं दार उघडलं तरी टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. आंघोळ झाल्यावर बाथरूममध्ये लगेच टांगा, वाफेने धूळ खाली बसलेली असते.

छोटी_लाईन

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला लिहायला, काम सुरू केलं होतं म्हणून.

वासाच्या आणि बिनवासाच्या वेगळ्या केल्या. वासाच्या पट्ट्या एकोणीस निघाल्या, गुंडाळ्या नऊ. डाग तीनवर आहेत, त्यांना हात लावला नाही. कॉलम दादा, लेन्सचा शोध चालू आहे, पण ताईंनी घाई करा म्हटलं म्हणून थांबलो नाही, बहिणीच्या मैत्रिणीकडे मॅक्रो लेन्स होती ती रविवारपुरती आणली. ट्रायपॉडचा दांडा उलटा, टॅब, दुधी अॅक्रिलिक साइनबोर्डवाल्याने फुकट दिलं, माउंट बोर्डची खिडकी बायकोने कापली, तिचा हात सरळ आहे. पहाटे साडेचारला उठलो. आरशाची युक्ती जबरदस्त, माझा कॅमेरा चांगलाच तिरपा होता.

सात वाजेपर्यंत ४१ फ्रेमा झाल्या. पहिलीच ती बुधलीवाल्या माणसाची घेतली. स्क्रीनवर उलटी केली तर इंजिनावरचे आकडे आरशातल्यासारखे दिसले, म्हणजे फिल्मची बाजू उलटी लागली होती, सॉफ्टवेअरमध्ये फिरवली. आई मागे उभी होती, म्हणाली हे तर आपल्या मोतीबागच्या क्वार्टरच्या शेजारचे काका, फिटर होते. त्यांचा मुलगा आता कामठीला असतो, त्याला प्रिंट करून देणार आहे.

दोन प्रश्न उरले. गुंडाळ्यांचं काय करू? आणि एका फ्रेमला पाया आकसून बारीक रेघा आल्यात, चित्रावरून जातात, त्या निघतील का?

अंधारखोली

रेघा फिल्मवरून निघणार नाहीत, फाइलमध्ये रीटच करा, मूळ रॉ मात्र तशीच वेगळी ठेवा आणि दोन जागी ठेवा, एक कॉपी बहिणीकडे.

गुंडाळ्या एका माणसाने उघडायच्या नाहीत. दोघांनी दोन्ही टोकं हलक्या हाताने धरायची, फक्त एक फ्रेम उघडेल एवढीच, तिसऱ्याने फोटो घ्यायचा, मग पुढची. अजिबात उघडत नसेल ती बाजूला ठेवा. येत्या रविवारी मी येऊ शकते, पहाटे साडेपाचला, माझ्याकडे सुती हातमोज्यांचे तीन जोड आहेत. व्ही६०० पण गाडीत टाकून आणते, बिनवासाच्या सरळ पट्ट्या त्याच्यावर लावून देऊ तोपर्यंत. पत्ता मेसेजमध्ये टाका.

कॉलम_वर_खाली

मीही येतो. ५५ एमएम आणि ट्यूब घेऊन येतो, तुमची मिळेपर्यंत ठेवा. टेबल कूलरच्या भिंतीपासून सरकवून ठेवा तेवढं.